मूळचाच बसव

परवा एक गिऱ्हाईक गायकवाड बाईंची गाडी बघायला आलं. गाडी गेले काही महिने लोणावळ्यात आमच्या इमारतीखाली, माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी आहे. बाई थंडीत पुण्याला, मुलाकडे, वारल्या. मुलाने, म्हणजे मिलिंदने, गाडी विकायचं काम माझ्या गळ्यात टाकलं, कारण मी दिवसभर तिच्या तोंडासमोरच बसलेला असतो. गिऱ्हाईक तळेगावचं होतं आणि स्वतःला फार हुशार समजणारं होतं. त्याने टायरला लाथ मारून पाहिली, दारं उघडून आपटली आणि शेवटी पुढच्या बंपरवर टिचकी मारून मला विचारलं, "बंपर ओरिजिनल आहे ना?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आता याला काय सांगायचं? हो म्हटलं तर खरंच, आणि नाही म्हटलं तरी फारसं खोटं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग यात काहीतरी काळंबेरं आहे असं त्याला वाटलं असावं. 'फोन करतो' म्हणून निघून गेला. तो काही फोन करणार नाही. पण त्याला दोष देत नाही मी. त्या बंपरने तेव्हा सगळ्यांच्याच डोक्याचा भुगा केला होता, आणि माझ्या डोक्याचा तर अजून झालेला आहे.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. नोकरी सगळी मावळातल्या वाड्यावस्त्यांवर झाली. बुटक्या, काटक, फिकट रंगाची कडक इस्त्रीची साडी, वर स्वेटर, आणि गाडी चालवायची असली की पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज. माझ्या दुकानापर्यंत चपला घालून यायच्या, स्टुलावर बसून बूट चढवायच्या आणि चपला पिशवीत टाकायच्या. कुणी टक लावून पाहिलं की म्हणायच्या, "ब्रेक साडीला कळत नाही, पायाला कळतो." माणसांना आडनावाने हाक मारायची सवय होती, हजेरी घेतल्यासारखी. "वाळुंज!" असं ऐकलं की मी खुर्चीतून निम्मा उठायचो. माझं वय पन्नाशीच्या पुढे, दुकान माझं, खुर्ची माझी, तरी उठायचो.

निवृत्त झाल्यावर कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी योगासनांचा वर्ग लावतं. बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. फंडाच्या पैशांतून छोटी पांढरी गाडी घेतली आणि शिकवणारा थकला तरी त्या थकल्या नाहीत. गिअरला त्या इयत्ता म्हणायच्या. "आता दुसरीत घालते." "चौथीची घाई नको, पाया कच्चा राहतो." खंडाळ्याच्या चढावर गाडीला धाप लागली की तिला शांतपणे पुन्हा पहिलीत बसवायच्या आणि शेजारच्याला समजावायच्या, "यात लाज कसली? काही मुलांना वेळ लागतो." पाचवी त्या गाडीने क्वचितच पाहिली असेल. चौथीच्या पुढे आपलं काम नाही, अशीच बाईंची समजूत असावी.

वळण आलं की हॉर्न. पलीकडे चिटपाखरू नसलं तरी हॉर्न. आमच्या पार्किंगमधून बाहेर पडताना त्या कुंडीलासुद्धा हॉर्न द्यायच्या. मी एकदा वैतागून विचारलं तर म्हणाल्या, "सूचना दिलेली बरी. नंतर कुणी म्हणायला नको, सांगितलं नाही म्हणून."

आणि फाट्यावर कुणी बाई वाहनाची वाट बघत उभी दिसली की गाडी थांबलीच. त्या बाईने मागचं दार धरलं तर ओरडायच्या, "मागे नाही. पुढे बसा." याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरी नवी होती तेव्हा एका गावाला जायला एक जीप होती. पुढची जागा रिकामी असली तरी ड्रायव्हर म्हणायचा, "बाई, तुमी मागं बसा." मागे म्हणजे दुधाच्या किटल्यांमध्ये. का, ते त्यालाही ठाऊक, बाईंनाही ठाऊक. बाई हे हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही, कारण ती गावं आमची, आणि तो ड्रायव्हर आमच्याच भावकीतला कुणीतरी असणार.

तेव्हा गाडीची चावी म्हणजे बाईंच्या लेखी काय होतं ते कळेल. आणि मिलिंदचा डोळा नेमका त्या चावीवर होता. तसा मुलगा गुणाचा. पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत नोकरी, आईला दर पंधरवड्याच्या रविवारी भेटायला येणार, गाडीचं सर्व्हिसिंग, विमा, सगळं तिथे बसून मोबाईलवर बघणार. पण त्याचे वडील तो कॉलेजात असताना जुन्या हायवेवर स्कूटरवरून जाताना गेले. सत्तरीची आई त्याच रस्त्यावर गाडी घेऊन फिरते, ही कल्पना त्याला सोसत नव्हती. त्याने एक अट घातली होती. "आई, गाडीला एक जरी ठोकर लागली तर चावी माझ्याकडे. कबूल?" बाईंनी कबूल केलं होतं. रविवारी आला की तो आधी जिना चढायचा नाही, गाडीभोवती एक फेरी मारायचा, पोचे शोधत. वरच्या खिडकीतून बाई बघत असायच्या.

मग ते झालं. सुट्टीचे दिवस, गावात पर्यटकांचा पूर. बाई एका चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावून हँडब्रेक ओढून बसल्या होत्या. पुढची भलीमोठी गाडी मागे आली, आली, आणि बाईंच्या गाडीचं तोंड फोडून थांबली. बाई सतत हॉर्न देत होत्या. वर त्या गाडीतला माणूसच उतरून ओरडला, "आजी, या वयात कशाला चालवता?" आणि चिक्कीचा पुडा घेऊन निघून गेला. नंबर घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

बाई माझ्या दुकानासमोर आल्या तेव्हा बंपर एका बाजूने निखळून लोंबत होता आणि मधोमध चिरला होता. त्या उतरल्या नाहीत. काचेतून म्हणाल्या, "वाळुंज, एक शंका आहे." बाईंची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. "मी उभी होते. उभ्या गाडीला ठोकर लागली, तर ती मी लावलेली ठोकर की मला लागलेली?"

"तुम्हाला लागलेली."

"मिलिंदच्या अटीत 'लागली' असंच आहे," बाई म्हणाल्या. पुढचा रविवार त्याच्या येण्याचा होता.

म्हणजे आठवड्याच्या आत बंपर असा बसायला हवा होता, की काही झालंच नाही. विम्याच्या कंपनीला फोन माझ्या दुकानातून केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "रजिस्टर्ड मोबाईल नंबर तोच ठेवायचा ना, मॅडम?" बाई घाईत म्हणाल्या, "आहे तोच असू द्या."

दुसऱ्या दिवशी विम्याचा सर्व्हेअर आला. पोरगेला, नम्र. फोटो काढले, वाकून पाहिलं आणि सांगितलं की बंपर बदलावा लागेल. "ओरिजिनल बसवणार, ओईएम, की आफ्टरमार्केट?"

बाईंनी मला खुणेने कागद मागितला. "तिन्हींमधला फरक सांगा. सावकाश."

त्याने सांगितलं. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येतो तो. ओईएम म्हणजे जो कारखाना कंपनीला बंपर बनवून देतो, त्याच कारखान्याचा, पण कंपनीच्या खोक्याशिवाय. आणि आफ्टरमार्केट म्हणजे बाहेरच्या कुणीतरी त्या मापाचा बनवलेला.

"म्हणजे पहिले दोघे सख्खे भाऊ," बाई म्हणाल्या. "एकाचं नाव शाळेत घातलंय, दुसऱ्याचं नाही."

"तसंच समजा, मॅडम. आणि बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे विमा अर्धेच पैसे देतो. घसारा धरतात."

"नव्या बंपरला घसारा?"

"नव्याला नाही. फुटलेल्या जुन्याला."

"पण जुना तर आपण काढून टाकणार."

"हो."

"मग जो गाडीवर नसणार, त्याच्या म्हातारपणाचे पैसे मी का देऊ?"

सर्व्हेअरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. जाताना त्याने एवढंच बजावलं, "काहीही बसवा मॅडम, फक्त बिलात जे असेल तेच गाडीवर असू द्या."

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या दुकानाचा बाजार झाला. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसालाही बाई विचारायच्या, "बाहेरच्या बंपरचे फायदे-तोटे सांगा." आणि लोक सांगायचे! एक हॉटेलवाला म्हणाला, बाहेरचा बसवला तर दिव्याखाली करंगळी जाईल एवढी फट राहते. दुसरा म्हणाला, कंपनीच्या शोरूमला नेली तर पार्ट यायलाच दोन-तीन आठवडे, मुलगा येऊन परत जाईल. तिसऱ्याने सांगितलं की पांढऱ्यातसुद्धा दहा पांढरे असतात, नवा रंग जुन्या रंगाशेजारी लगेच कळतो. मी सकाळी कंपनीच्या बाजूचा असायचो आणि चहापर्यंत बाहेरच्याच्या. बाईंनी तीनदा नक्की ठरवलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं ठरवलं.

शेवटी आम्ही देहूरोडला एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. गाडी तोवर बाईंच्या जुन्या विद्यार्थ्याकडे, बबनकडे, सोमाटणे फाट्यावरच्या गॅरेजमध्ये पोचली होती, म्हणून माझ्या स्कूटरवर. हेल्मेट घालून बाई मागे बसल्या आणि वळणावळणाला माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणत राहिल्या, "हॉर्न."

दुकानाचे शेठ अगत्यशील होते. त्यांनी दोन बंपर आणून काउंटरला टेकवून ठेवले. एक कंपनीचा, एक बाहेरचा. दोन्ही काळेकुळकुळीत.

"पांढरा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"येतात काळेच. रंग आपण द्यायचा."

"कंपनीचासुद्धा?"

"कंपनीचासुद्धा."

बाईंनी दोन्ही बंपर मडकं वाजवतात तसे बोटाने वाजवले. मीही वाजवले. मला दोन्हींचा आवाज सारखाच आला, पण मी मान अशी हलवली की काहीतरी कळलंय. शेठनी कंपनीच्या बंपरवरचा चकाकता स्टिकर दाखवला. बाई म्हणाल्या, "म्हणजे स्टिकर असेल तो खरा?" शेठ प्रामाणिक निघाले. म्हणाले, "तसं नाही बाई, बाजारात स्टिकर वेगळा पण मिळतो."

चहा आला. दोन्हींच्या किमती लिहून द्यायच्या कागदावर घालायला शेठनी नाव विचारलं. बाईंनी सांगितलं, गायकवाड. शेठचा चेहरा खुलला. "अरे वा! आमच्या पाहुण्यांत आहेत गायकवाड. आपण मूळचे कुठले?"

हा प्रश्न मावळात कुठून येतो आणि कुठे जातो, ते आम्हा सगळ्यांना माहीत असतं. गायकवाड मराठ्यांतही, बौद्धांतही. गावाचं नाव विचारत विचारत माणूस घरापर्यंत पोचतो. मी चहाच्या कपात बघत बसलो. मला लाज वाटली, शेठची नव्हे, आपण सगळेच हे असं इतक्या सहज विचारतो त्याची.

बाईंनी कप खाली ठेवला. "आम्ही मूळचे नाहीच, शेठ. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली मूळचं काढून टाकलं आणि नवीन बसवलं. असं फिट बसलंय, की आजपर्यंत कुठे खडखडलं नाही."

शेठना कळायला दोन क्षण लागले. मग ते "हो, हो" म्हणाले, बिस्किटांची बशी बाईंच्या पुढे सरकवली आणि उगीचच पंखा मोठा केला. बाई मात्र पुन्हा काळ्या बंपरांकडे वळल्या. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "बाई, मग बंपरच तेवढा मूळचा कशाला पाहिजे? बसवा की बाहेरचा."

"मी बदलले ते सगळ्या जगाला सांगते, वाळुंज," त्या हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाल्या. "बंपर बदलला हे एकालाही कळता कामा नये. फरक आहे."

तिथेच फुटपाथवर उभं राहून त्यांनी बबनला फोन लावला. बाईंना बोलताना इंग्रजी शब्द वापरायला आवडत नसे. विम्याच्या माणसाचा नाइलाज, पण विद्यार्थ्याशी बोलताना नाही. "बबन, ठरलं माझं. मूळचाच बसव. दुसरा कुठलाही नको. ऐकलंस? मूळचाच. आणि शनिवारपर्यंत."

पलीकडून "व्हय बाई" एवढंच आलं. बाई शांत झाल्या. मीही झालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणालातरी काहीतरी नीट कळलं आहे, असं मला वाटलं.

शनिवारी आम्ही सोमाटण्याला गेलो. गाडी दारात उभी होती, धुतलेली, आणि बंपर असा, की नजर लागावी. बाई तिच्याभोवती मिलिंदसारखी फेरी मारून आल्या. वाकल्या, हात फिरवला, दिव्याखाली करंगळी घालून पाहिली. जाईना. बोटाने वाजवला. "बघा वाळुंज," त्या म्हणाल्या, "कंपनीचं ते कंपनीचं. आवाजच वेगळा."

"लगेच कळतं," मी म्हणालो.

बबन हात पुसत उभा होता. चाळिशीचा, केस पिकायला लागलेले, पण बाईंसमोर हात मागे बांधूनच. "बाई, कुटल्या कंपनीचं?" त्याने विचारलं. "ह्यो तुमचाच हाय."

"माझाच म्हणजे?"

"तुमचाच. गाडीचा. तुमी म्हनला न्हवं, मूळचाच बशीव, दुसरा कुटलाबी नको? म्या ईचारात पडलो. लय फाटला हुता. म्हनलं, बाई दोनदा म्हनल्या मूळचाच, तर मूळचाच." त्याने बॉनेट उचललं आणि टॉर्च मारला. आतल्या बाजूने चिरेवर गरम तारेने घातलेले टाके एकाखाली एक उमटले होते, ऑपरेशन झालेल्या पोटावर असतात तसे. बाहेरून रंगाखाली काही दिसत नव्हतं.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगीच टायर बघायला गेलो. त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बबन, मूळचा या शब्दाचा अर्थ तू बरोबर लावलास. मीच वाक्य चुकीचं केलं."

"मंग काढू का? नवा आनतो."

"उद्या रविवार आहे. राहू दे."

आणि तिथूनच त्यांनी सर्व्हेअरला फोन केला. बिल दुरुस्तीचं येईल, नव्या बंपरचं नाही, असं सांगितलं. सर्व्हेअरला ते आधी कळेचना. "मॅडम, मंजूर नव्याचं झालंय," तो म्हणत राहिला, आणि बाई म्हणत राहिल्या, "पण बसवलाय मूळचा." शेवटी त्याने बंपर मूळचा म्हणजे ओरिजिनल असं समजून अभिनंदन केलं, आणि बाईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

रविवारी मिलिंद आला. मी दुकान उघडलं नव्हतं, पण शटर अर्धं वर करून आत बसलो होतो. मला ते बघायचंच होतं. बाई या वेळी खिडकीत थांबल्या नाहीत, खाली येऊन उभ्या राहिल्या. मिलिंदने फेरी मारली. पुढे येऊन थांबला, वाकला नाही, हातही लावला नाही.

"छान बसवलाय, आई. नवा बंपर."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यांनी जे खरं होतं तेच सांगितलं. "नवा नाही. मूळचाच आहे."

मिलिंदने खिशातून फोन काढला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. "क्लेम नोंदवला, मेसेज मला. सर्व्हेअर येणार, मेसेज मला. बंपर बदलायला मंजुरी, मेसेज मला. विम्यात नंबर माझा आहे, आई. आठवडाभर वाट बघतोय, तू फोन करून सांगशील म्हणून. ठोकर लागली, लागू दे. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोलतेस?" आणि त्याने हात पुढे केला. "चावी."

मी शटरखालून बाहेर आलो. "अरे मिलिंद, त्या खरं बोलतायत. बंपर खरंच मूळचा आहे, म्हणजे ओरिजिनल नव्हे, म्हणजे ओरिजिनलच, पण..." माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. पोराला वर्गात थांबवावं तसा.

"वाळुंज, राहू द्या. बंपरचा प्रश्न नाही हा." मग त्या मिलिंदकडे वळल्या. "बंपर मूळचाच आहे, शिवलेला. बॉनेट उघडून बघ. पण लपवलं मी, ते खरं. का लपवलं ते ऐक. ती गाडी अंगावर आली तेव्हा मी घाबरले न्हाई. तो माणूस वरडला, तवाबी न्हाई. मला भ्याव वाटलं ते तुजं." इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून त्यांच्या गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. "माज्या पैशाची गाडी, आन् पोटच्या पोराला भिऊन मी ती चोरासारकी दडवून ठिवली. ही चावी मी तुला द्यायची न्हाई. ज्या दिवशी द्यायची, त्या दिवशी मी सोता देईन."

मिलिंदचा हात तसाच पुढे होता. तो खाली यायला फार वेळ लागला. "मला बाबा आठवतात गं," तो म्हणाला.

"मला न्हाई आठवत व्हय?"

दोघं वर गेले. बॉनेट कुणीच उघडलं नाही. जिन्यावरून बाईंचा आवाज आला, मिलिंदला जेवायला काय करू म्हणून विचारत होत्या, आणि तो काय सांगतोय ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर बाईंनी आणखी बरीच गाडी चालवली. मिलिंद येत राहिला, फेरी मात्र बंद झाली. मग मागच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी बाई दुकानात आल्या आणि चावी काउंटरवर ठेवली. मला वाटलं, साफसफाईला द्यायची असेल.

"ही मिलिंद येईल त्याला द्या. संध्याकाळी येतोय तो मला न्यायला."

"का? काय झालं?"

"काल कामशेतजवळ एक बाई रस्ता ओलांडत होती. मला दिसली, पण उशिरा दिसली. ब्रेक लागला. तिला काही झालं नाही. तिला तर कळलंही नाही, डोक्यावर गवताचा भारा होता, ती आपली पलीकडे गेली."

"मग झालं तर! कुणाला काही लागलं नाही."

"मला कळलं ना."

मी विचारलं, मिलिंदला सांगितलं का. "रात्रीच सांगितलं, सगळं. तर तो म्हणतो, आई, एकदा झालं असेल, डोळे दाखवू, नंबर बदलून घेऊ, चालव अजून थोडे दिवस." बाई किंचित हसल्या. "मी म्हटलं, नको."

मी म्हटलं, बाई, घाई करताय, विचार करा, चार लोकांना विचारा. त्या म्हणाल्या, "यात विचारण्यासारखं काही नाही, वाळुंज," आणि बाहेर पडल्या. बाजारातून मुलासाठी काहीतरी न्यायचं होतं त्यांना. संध्याकाळी मिलिंद आला तेव्हा मी चावी शेजारच्या दुकानात ठेवून गावाला गेलो होतो, आणि नंतर बाई पुण्याहून परत आल्याच नाहीत. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच. मी चावी हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होतो, बाई गर्दीतून कडेकडेने चालल्या होत्या, आणि त्यांना हाक मारून परत बोलवावं की नाही हे माझं ठरेपर्यंत त्या चौक ओलांडून गेल्या होत्या.